उन्हातली वीज

मराठीत 'अनभ्र वज्रपात' असा एक भारदस्त शब्दप्रयोग आहे. एखाद्या कुटुंबावर अकस्मात संकट कोसळले की शोकसभेतले वक्ते आणि मृत्युलेख लिहिणारे तो हटकून योजतात. आभाळात ढग नसताना वीज पडली, म्हणजे जे घडूच शकत नाही ते घडले, असा त्याचा भाव असतो. हा शब्द वाचताना मी दर वेळी थोडा अडखळतो. आमच्या घराण्यात तो अलंकार म्हणून आलेला नाही.

१९६३ सालचा ऑक्टोबर महिना. जपमाळेचा महिना असल्याने संध्याकाळी घरोघर प्रार्थना चालत आणि दिवसभर शेतांत भातकापणी. त्या काळी वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीत केळी आणि पानवेली, तर सखल खाचरांत भात अशी आम्हा बहुतेकांची शेती होती. माझे वय नऊ वर्षांचे. वडील मुंबईला नोकरीवर असत, त्यामुळे शेतीचा भार धाकट्या काकांवर होता. काका सव्वीस वर्षांचे, उंच, हसरे आणि जरासे तापट. नाताळानंतर त्यांच्या लग्नाचे घाटत होते.

त्या दुपारी खाचरात आजी, आई, काका, दोन गडी आणि मी असे सहा जण होतो. कापलेल्या भाताचे भारे बांधून झाले होते आणि काका उडवी रचत होते. खालून गड्याने भारा वर फेकायचा आणि काकांनी उडवीवर उभे राहून तो नीट बसवायचा. डोक्यावर आभाळ स्वच्छ होते. समुद्राच्या बाजूने कडक ऊन येत होते आणि माझी सावली उडवीच्या बुंध्यावर पडलेली मला आजही दिसते. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरावर मात्र ढगांचा एक पांढराशुभ्र डोंगर चढला होता. त्याचा तळ काळाभोर होता आणि मधूनच गुरगुरल्यासारखा दूरचा आवाज येई. परतीच्या पावसाचे ते नित्याचेच चित्र. आईने एकदा तिकडे पाहून घरी जाण्याचा विषय काढला. काका म्हणाले, "वहिनी, तो तिकडे डोंगरात पडतोय. इकडे यायला दिवस मावळेल. चार भारे राहिलेत."

ते चार भारे तसेच राहिले.

त्या क्षणाचे वर्णन मला नीट करता येत नाही. प्रकाश आणि आवाज एकदमच झाला. आवाजापेक्षा तो एक धक्का होता, छातीवर बसलेला. भानावर आलो तेव्हा मी चिखलात बसलो होतो, गडी पालथा पडला होता (तो वाचला, मात्र एका कानाने कायमचा बहिरा झाला) आणि काका उडवीच्या पायथ्याशी उताणे होते. अंगावर फारशी जखम नव्हती. ऊन तसेच पडलेले होते. पावसाचा एक थेंबही आला नव्हता.

आजी धावली. तेवढ्यात शेजारच्या खाचरांतून माणसे आली आणि कोणीतरी ओरडले, "हात लावू नका! अंगात वीज आहे!" दोघांनी आजीला मागे खेचून धरले. ती सुटण्यासाठी धडपडत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मुलाच्या हिशेबाने तो फार मोठा होता. शेवटी कोणीतरी वाळका बांबू आणून काकांच्या हाताला लावून पाहिला, काही होत नाही अशी खात्री केली आणि मग त्यांना बैलगाडीत घातले. डॉक्टरांकडे पोहोचल्यावर करण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दफन झाले आणि तिसऱ्या दिवसापासून गाव बोलू लागला. पावसात, वादळात वीज पडून कोणी गेला असता तर लोकांनी हळहळ व्यक्त केली असती आणि विषय संपला असता. पण भर उन्हात, निरभ्र आभाळातून वीज यावी आणि सहा जणांतून तिने एकालाच वेचून घ्यावे, याला काहीतरी कारण हवेच होते. प्रथम कोणी म्हणाले की, तो पायाळू असेल. पायांकडून जन्मलेल्यावर वीज पडते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. आजीने निक्षून सांगितले की माझी पाचही मुले डोक्याकडूनच जन्मली. मग दुसरे कारण पुढे आले, आणि ते अधिक विषारी होते. त्याच वर्षी शेजाऱ्याशी बांधावरून तंटा झाला होता. जेमतेम हातभर रुंदीची जमीन. पण तंट्याला जमिनीचे माप लागत नाही. चार माणसांसमोर काकांनी क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली होती की बांध आमचाच आहे. आता लोक कुजबुजू लागले, शपथ खोटी असेल. देवाने निवाडा केला.

तेव्हाच्या आमच्या धर्मगुरूंच्या कानांवर हे गेले असावे. महिन्याच्या मिस्साला त्यांनी प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानातला शिलोहाचा बुरूज काढला. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती काय इतरांपेक्षा अधिक पापी होती, असे प्रभू येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. आजी पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "बुरूज माणसांनी बांधलेला होता. वीज कोणी बांधली?"

वर्ष भरायच्या आत तिने तो हातभर बांध शेजाऱ्याला देऊन टाकला. वडिलांनी समजावले, आईने समजावले. तिने ऐकले नाही. एका आईने आपल्या मेलेल्या मुलाविरुद्ध निकाल दिला होता. पुढे सोळा वर्षे ती जगली. त्या सोळा वर्षांत काकांचे नाव तिने जपमाळेत रोज घेतले, ते नेहमी पापक्षमेसाठी. तो बांध खरोखर कोणाचा होता, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

मी पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो. याला काकांचा मृत्यू कारणीभूत होता असे म्हणणे वाचायला छान वाटेल, पण ते खरे नाही. त्या वर्षी विज्ञानाची जागा रिकामी होती म्हणून मला विज्ञान मिळाले. कितीतरी वर्षे मी आठवीच्या वर्गात वीज शिकवली. बेंजामिन फ्रँकलिनचा १७५२ सालचा पतंग, ढगांतला विद्युतभार, इमारतीवरचा तडितरक्षक हे सारे पाठ होते. परंतु उन्हात वीज कशी पडते, हे पुस्तकात नव्हते आणि मीही कधी शोधले नाही. मनाचा काही भाग माणूस स्वतःपासूनच कुलूपबंद ठेवतो. आजीच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, एका वाचनालयात वेगळेच काही शोधत असताना, वादळी ढगाची एक आकृती समोर आली आणि मी खुर्चीत खिळून राहिलो. ती काकांच्या मृत्यूची आकृती होती.

गडगडाटी ढग आपण समजतो तेवढा मर्यादित नसतो. तो बारा-पंधरा किलोमीटर उंच चढू शकतो. त्याच्या पोटात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात आणि त्यातून विद्युतभार वेगळे होतात. साधारणतः वरच्या भागात धन आणि खालच्या भागात ऋण. नेहमीची वीज या खालच्या भागातून सरळ जमिनीवर येते, म्हणून ती बहुधा ढगाच्या छायेत, पावसाच्या जवळपास पडते. एखादी मात्र ढगाच्या आतच उगम पावते, वर चढते, कुशीतून बाहेर पडते आणि स्वच्छ हवेतून आडवी कित्येक किलोमीटर धावून मग जमिनीकडे वळते. जिथे ती पडते तिथे पाऊस नसतो, ढग नसतो, बहुतेक वेळा वाराही नसतो. इंग्रजीत अशा विजेला निळ्या आभाळातून आलेली वीज म्हणतात. ढगापासून चाळीस किलोमीटरपर्यंत दूर ती पडू शकते, असे अमेरिकेतील हवामानखाते सांगते. याखेरीज ढगाच्या ऐरणीसारख्या पसरट माथ्यावरून येणारी धन विद्युतभाराची वीज वेगळी. ती शंभरात फार थोडी असते. परंतु तिचा प्रवाह अधिक वेळ टिकतो आणि तीही मूळ पावसापासून लांब जाऊन पडते.

मी घरी येऊन नकाशा काढला. आमच्या खाचरापासून तुंगारेश्वराचा डोंगर सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर भरला. ढगाची पश्चिमेकडची कड आमच्याकडे आणखी सरकलेली असणार. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात आणि मेघगर्जना साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत कानांवर येते. म्हणजे आईने तिकडे पाहिले, तेव्हा तो दूरचा गुरगुराट आमच्या कानांवर येत होता, एवढ्यावरूनच ठरत होते की आम्ही सर्व जण विजेच्या पल्ल्यात आहोत. आणि त्या सपाट खाचरात सर्वांत उंच वस्तू कोणती होती? उडवी, आणि तिच्यावर उभे असलेले काका. सहा जणांतून एकाची निवड शपथेवरून झाली नव्हती.

हे आजीला सांगता आले असते तर, असा विचार त्या रात्री मला झोपू देईना. आणि त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर दुसरी एक गोष्ट होती. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला स्पर्श करण्यात कसलाही धोका नसतो. विजेने हृदय थबकते, श्वास थांबतो; आणि ताबडतोब कोणी छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन ते चालू ठेवले तर माणूस परत येऊ शकतो. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे वीज लागलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात. काकांच्या अंगावर फारशी जखम नव्हती, हे मी वर लिहिले आहे.

१९६३ साली आमच्या शेतात छाती दाबण्याचे तंत्र कोणाला येत असण्याचा प्रश्नच नव्हता. आजीला मागे धरणाऱ्यांनी तिच्या जिवाच्या काळजीनेच तिला धरले. तरीही तो वाळका बांबू मला अजून स्वप्नात दिसतो.

विजेपुढे आपली माणसे अशी चकतात, याचे मला आता नवल वाटत नाही. युरोपातील ख्रिस्ती गावेही शतकानुशतके चकली. वादळ आले की तिथे चर्चच्या घंटा वाजवीत. आपण विजेचा भंग करतो, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कित्येक घंटांवर कोरलेली असत. गावातला सर्वांत उंच मनोरा, त्यात टांगलेला मणामणांचा धातू, खाली लोंबणारा ओला दोर आणि तो दोर हातात धरून उभा असलेला एक श्रद्धाळू माणूस! १७८४ साली म्युनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात तेहतीस वर्षांचा हिशेब दिला आहे: ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. त्याच शतकात मोराविया प्रांतातील प्रिमेटित्से गावी प्रोकोप दिविश नावाचे एक धर्मगुरू होते. १७५४ साली त्यांनी उंच खांबावर शेकडो अणकुचीदार लोखंडी टोके बसवून विजेला वश करण्याचे यंत्र उभारले. पुढे अवर्षण पडले, तेव्हा याच यंत्राने पाऊस पळवला असे म्हणून गावकऱ्यांनी ते मोडून टाकले. कारण शोधायची माणसाला केवढी घाई असते! आमच्या घरीही गडगडाट झाला की आजी झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी चुलीत टाकून सांता बार्बराचा धावा करी. त्या धाव्याची मी कधीच टिंगल केली नाही, आजही करणार नाही. एवढेच की धावा करताना ती आम्हा मुलांना घरात बोलावून दार लावून घेई, आणि त्या दार लावण्यातही बराच अर्थ होता, हे मला आता कळते.

भारतात वीज पडून दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. २०२२ सालचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा २,८८७ आहे. मरणारे बहुतेक शेतात, रानात, उघड्यावर काम करणारे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या सभोवती वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा असतील तर ते सावध करते. माझ्या नातवाने ते माझ्या फोनवर घालून दिले आणि त्यामुळेच २०२४ च्या ऑक्टोबरात मी सबंध धर्मग्रामाचा रोष ओढवून घेतला.

युवकांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. बक्षीस वाटायला म्हणून मला बोलावले होते. मैदान गच्च भरलेले, लखलखीत ऊन, पश्चिमेचा वारा. मध्यंतर होण्यापूर्वीच माझ्या खिशात फोन थरथरला. मी पूर्वेकडे पाहिले. इमारतींच्या वर तोच पांढरा डोंगर चढला होता. आता आमच्याकडे खाचरे नाहीत, उडव्या नाहीत. पण तुंगारेश्वर आहे तिथेच आहे. थोड्या वेळाने ढोल-ताशांच्या आवाजातूनही तो जुना गुरगुराट मी ऐकला. मी उठून व्यासपीठावरच्या तरुण फादरांना म्हणालो, सामना थांबवा. त्यांनी आभाळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वयाचा मान ठेवून नम्रपणे विचारले, "सर, पण पाऊस कुठे आहे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे एकसष्ट वर्षांपूर्वीचे उत्तर होते. मी ते चार वाक्यांत दिले. फादरांचा चेहरा बदलला आणि त्यांनी पंचांना खूण केली.

लोक मंडपात शिरू लागले. लोखंडी खांबांचा मंडप म्हणजे आसरा नव्हे, असे म्हणत आम्ही सर्वांना शाळेच्या पक्क्या इमारतीत नेले. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटे थांबायचे, असा नियम आहे. दर गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर येते. तीनदा आले. बाहेर ऊन होते आणि आत दीड-दोनशे माणसे घामाघूम होऊन माझ्याकडे पाहत होती. एका खेळाडूचे वडील दारातूनच म्हणाले, "सर, निवृत्त झालात तरी वर्गात कोंडायची सवय गेली नाही तुमची." सगळे हसले, मीही हसलो. करायचे काय म्हणून मग मी मुलांना फळ्यापाशी गोळा केले, ढगाची आकृती काढली आणि एका मुलाला बाकावर निजवून छाती कुठे व कशी दाबायची तेही दाखवले. "अंगात वीज राहत नाही. हात लावायचा," असे मी किती वेळा म्हणालो कोणास ठाऊक; शेवटी एक मुलगा म्हणाला, "सर, कळलं."

वीज कुठेच पडली नाही. अंधार झाल्यामुळे सामना अर्धवट राहिला आणि चषक दोन्ही संघांना वाटून दिला गेला. चषकाचे असे वाटप कोणालाच आवडत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दारातून बोललेल्या त्या गृहस्थांनी माझ्या फोनवर एक चित्रफीत पाठवली. ३ नोव्हेंबर रोजी पेरू देशातील चिल्का येथे फुटबॉलचा सामना हवामानामुळे थांबवला गेला होता, खेळाडू मैदानाबाहेर चालत जात होते आणि तेवढ्यात वीज पडून त्यांतला एक जण जागीच गेला. चित्रफितीबरोबर त्यांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. मीही काही कळवले नाही.

नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा महिना. त्याच आठवड्यात मी दफनभूमीत गेलो. आजी आणि काका एकाच कबरीत आहेत. मेणबत्त्या लावल्या, गवत उपटले आणि आसपास कोणी नाही असे पाहून, इतकी वर्षे जे सांगायचे राहिले होते ते आजीला सांगितले: ढग किती लांब होता, उडवी किती उंच होती, आणि शपथेचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. शिक्षकाच्या सवयीने जरा सविस्तरच सांगितले.

पुस्तकाच्या पुढच्या पानावरची ती दुसरी गोष्ट मात्र मी तिथेही सांगितली नाही.